व्यवसायाच्या संकेतस्थळाची पुनर्रचना करण्याची वेळ कशी ओळखावी

संकेतस्थळ जुनाट दिसू लागले, एवढ्याच कारणाने ते नव्याने बांधायला काढू नये. मालक ते रोज पाहतो म्हणून त्याला कंटाळा येतो. ग्राहक ते क्वचितच पाहतो आणि त्याला हवे असतात ते भाव, खात्री आणि मागणी नोंदवण्याची सोय. देवगड-रत्नागिरीकडच्या ज्या बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट हापूस विकण्यासाठी संकेतस्थळ केले आहे, त्यांचे उदाहरण समोर ठेवून हा निर्णय कसा घ्यावा ते पाहू.

पहिली तपासणी स्वतः करावी, पण कार्यालयातल्या संगणकावर नव्हे. साधा, काही वर्षे वापरलेला अँड्रॉइड फोन घ्यावा, वायफाय बंद करावे आणि अनोळखी ग्राहकाप्रमाणे एका पेटीची मागणी पैसे भरण्यापर्यंत पूर्ण करावी. पाच डझनांच्या पेटीचा भाव शोधायला किती पाने उघडावी लागतात, फोन क्रमांकावर बोट ठेवल्यावर फोन लागतो की तो क्रमांक नुसता चित्राचा भाग आहे, पिनकोड टाकल्यावर आपल्या भागात माल पोहोचेल की नाही हे कळते का, यूपीआयने पैसे भरून परतल्यावर मागणी नोंदल्याचे दिसते का, हे सारे टिपून ठेवावे. मग हेच काम घरातल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला सांगावे आणि मध्ये अजिबात बोलू नये. ती जिथे अडते, तिथे ग्राहकही अडत असण्याचा संभव मोठा आहे.

यातून निघालेल्या पुष्कळशा अडचणी निव्वळ दुरुस्तीने सुटतात. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकला की वेग विनामूल्य तपासता येतो. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. तो उशिरा दिसत असेल, तर कॅमेऱ्यातली अवजड छायाचित्रे जशीच्या तशी चढवली आहेत का, हे आधी पाहावे. ती आटोपशीर करणे हे थोड्या वेळाचे काम आहे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस (माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी सुरक्षित जोडणी) नसलेली स्थळे असुरक्षित असल्याचे दाखवतो. तो दोषही सर्व्हरवर सुरक्षा-प्रमाणपत्र बसवून जातो. तळाशी जीएसटीऐवजी अजून व्हॅटचा क्रमांक असेल, तर तो आजच बदलावा.

पुनर्रचनेची खरी गरज दुरुस्ती जिथे पुरत नाही तिथे असते. हापूसचा भाव हंगामाच्या सुरुवातीला चढा असतो आणि आवक वाढली की उतरतो. तो बदलण्यासाठी दर वेळी संकेतस्थळ बनवणाऱ्याला फोन करावा लागत असेल आणि तोवर जुन्या भावाने मागण्या येत राहत असतील, तर रचनाच चुकलेली आहे. माझ्या मते हे सर्वांत सबळ कारण होय, कारण त्याचा फटका थेट हिशेबाला बसतो. बोटांनी मोठे केल्याशिवाय पान वाचता येत नसेल, तरीही पुनर्रचनाच करावी लागते. पीएचपी या, अनेक संकेतस्थळे जिच्यावर चालतात त्या संगणकभाषेच्या ७.४ आवृत्तीला मिळणारे सुरक्षा सुधार नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले. अशा जुन्या पायावरचे स्थळ नव्या आवृत्तीवर नेताच मोडत असेल, तर डागडुजीत पैसा घालू नये. मराठी मजकूर युनिकोडपूर्व (सर्व यंत्रांना समजणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असेल, तर ग्राहकाला फोनवर निरर्थक अक्षरे दिसतात आणि ‘देवगड हापूस’ असे शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही. मजकुराचे रूपांतर करता येते, परंतु अशा काळातल्या स्थळाचे इतर भागही बहुधा तितकेच जुने असतात.

व्यवसाय बदलला असेल, तर तेही पुरेसे कारण आहे. वाशीच्या बाजारात माल पाठवणारा बागायतदार आता घरपोच पेट्या, आंबापोळी आणि आमरस विकत असेल, तर जुनी मांडणी त्याला अपुरी पडते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळाले असल्याने, त्याखाली आपली नोंदणी असल्यास तिचा तपशील भावाशेजारीच दिसावा; परप्रांतीय आंबा हापूस म्हणून विकला जात असताना ग्राहकाला तो दिलासा हवा असतो.

काम हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, सुरू करावे आणि डिसेंबरपर्यंत संपवावे. ऐन मार्च-एप्रिलमध्ये त्याला हात लावू नये. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे पत्त्यातले नाव, आपल्याच नावावर आहे याची खातरजमा करावी, आणि प्रत्येक जुना पत्ता ३०१ पुनर्निर्देशनाने (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगणाऱ्या सूचनेने) संबंधित नव्या पानाकडे वळवला जाईल, असे करारातच लिहून घ्यावे. नव्या स्थळाचे यश जोखताना मार्चची तुलना जानेवारीशी न करता गेल्या मार्चशी करावी, आणि त्यासाठी मागच्या हंगामातल्या भेटींचे व मागण्यांचे आकडे जुने स्थळ बंद करण्यापूर्वी उतरवून घ्यावेत.