‘ब्रेकिंग बॅड’मधले रंग वाचताना या चुका टाळा

‘ब्रेकिंग बॅड’ दुसऱ्यांदा पाहायला घेतली की नजर गोष्टीवरून कपड्यांवर, भिंतींवर, गाड्यांवर जायला लागते. 2008 ते 2013 या काळात पाच सीझन आणि 62 भाग चाललेल्या या मालिकेत रंग योगायोगाने आलेले नाहीत. कर्ते व्हिन्स गिलिगन वेशभूषेच्या टीमबरोबर बसून कोणत्या पात्राला कोणते रंग द्यायचे हे आधीच ठरवत असत. त्यामुळे रंग शोधणारा प्रेक्षक उगाच खोलात शिरतोय असं मुळीच नाही. घोळ होतो तो रंग सापडल्यानंतर. (पुढे शेवटापर्यंतच्या घटना येणार आहेत. मालिका पाहायची बाकी असेल तर ती आधी पाहून घ्या.)

प्रत्येक रंगाला एकच अर्थ चिकटवणे

लाल म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे पैसा, पिवळा म्हणजे धोका, अशी यादी हाताशी घेऊन बसलं की सगळंच जुळायला लागतं. जी यादी कुठेही चुकू शकत नाही, ती काही सांगतही नाही.

त्याऐवजी पात्राचा रोजचा रंग कोणता आणि तो कधी सुटतो, हे बघा. मालिकेचा नायक, अमली पदार्थ बनवायला लागलेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट, पहिल्या भागात कसा होता ते आठवा. बेज, खाकी, मळकट. स्वतःच्या घरातही उठून दिसू नये असा माणूस. पुढे कपडे गडद होत जातात, डोक्यावर काळी हॅट येते. इथे काळ्याचा अर्थ ‘वाईट’ एवढाच घेतला तर हाती फार थोडं लागतं. त्या बेजपासून तो किती लांब आलाय, ते मोजायचं.

वॉल्टरच्या मेहुणीचा, मेरीचा, जांभळा तर सगळ्यांनाच दिसतो. कपडे जांभळे, घर जांभळं, किटलीसुद्धा जांभळी. जांभळा म्हणजे राजेपण, असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. मेरी कुठल्या अंगाने राणी आहे? मला त्यात हट्ट दिसतो. सगळं आपल्या मनासारखं, आपल्या ताब्यात हवं असणाऱ्या बाईने एक रंग पकडलाय आणि ती तो सोडत नाही. शेजारी निळ्या कपड्यातली तिची बहीण स्कायलर ठेवून पाहा, म्हणजे हा हट्ट आणखी ठसठशीत दिसतो.

आणखी एक. पांढरा म्हणजे शोक, हिरवा म्हणजे सौभाग्य हे आपले संकेत झाले. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात घडणाऱ्या अमेरिकन गोष्टीला ते लावू नका.

‘हे आधीपासून ठरलेलं होतं’ असं गृहीत धरणे

सर्वांत जास्त गल्लत इथे होते, आणि गुलाबी टेडी बेअर हे तिचं उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या सीझनच्या चार भागांची सुरुवात कृष्णधवल दृश्यांनी होते: व्हाइट कुटुंबाच्या घरामागचा पोहण्याचा तलाव, पुरावे गोळा करणारी माणसं, आणि त्या करड्या चौकटीत फक्त एका अस्वलाचा गुलाबी रंग. त्याची एक बाजू जळलेली आहे, एक डोळा निखळलेला. सीझनच्या शेवटी कळतं की आकाशात दोन विमानांची टक्कर झाली आणि अस्वल त्यातून खाली पडलं. त्याच चार भागांची नावं ओळीने वाचली की ‘सेव्हन थर्टी-सेव्हन, डाउन, ओव्हर, एबीक्यू’, म्हणजे ‘737 विमान अल्बुकर्कीवर कोसळलं’, असं वाक्यच तयार होतं. म्हणजे हा सीझन आधीपासून आखलेला होता, यात शंका नाही.

आता चौथ्या सीझनचा शेवट. अमली पदार्थांचा बडा व्यापारी गस फ्रिंग स्फोटानंतर खोलीबाहेर येतो, टाय नीट करतो, आणि कॅमेरा वळतो तेव्हा त्याचा अर्धा चेहरा उडालेला दिसतो. थेट ते अस्वलच. मग ‘बघा, 2009मध्येच गसचा मृत्यू सांगून ठेवला होता’ असं लिहिलं जातं.

जरा क्रम लावून पाहा. अस्वल दिसतं दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात. गस पहिल्यांदा येतो अकराव्यात, आणि मरतो 2011मध्ये. अस्वलाचं चित्रीकरण झालं तेव्हा गस प्रेक्षकांसमोर आलेलाही नव्हता. साम्य आहेच, पण त्याची दिशा उलटी धरायला हवी: गसच्या चेहऱ्याला अस्वलाची आठवण आहे, अस्वलाला गसची चाहूल नव्हती. यामुळे ते दृश्य माझ्या लेखी छोटं होत नाही, उलट मोठं होतं. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला वॉल्टर मशीनगन विकत घेतो, तेव्हा ती पुढे कशासाठी वापरायची हे लेखकांचंही ठरलेलं नव्हतं. ही माणसं मागे पेरलेलं पुन्हा हातात घेऊन त्यातून नवं उगवून आणणारी होती.

म्हणून सिद्धांत मांडण्याआधी दोन्ही दृश्यांचे सीझन आणि भाग लिहून काढा. निम्मे सिद्धांत तिथेच गळतात.

साधं कारण न तपासणे

प्रयोगशाळेतले पिवळे सूट प्रतीक म्हणून वाचता येतात, पण असे संरक्षक सूट खरोखरच पिवळे मिळतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. फक्त साधी बाजू आधी नोंदवा. वॉल्टरचा निळा माल, म्हणजे तो बनवत असलेलं मेथॲम्फेटामाइन हे अमली द्रव्य, ही गोष्टीतली ओळखखूण आहे, रसायनशास्त्राचा धडा नव्हे. शुद्ध मेथॲम्फेटामाइनला निळा रंग नसतो, आणि पडद्यावर दिसणारे खडे साखरेचे होते. मेक्सिकोतल्या दृश्यांचा पिवळसरपणा तर कोणत्याच पात्राचा नाही. तो तंबाखूच्या छटेच्या फिल्टरने आणलेला, ‘आपण सीमेपलीकडे आलो’ एवढं सांगणारा. मेक्सिको असा सरसकट करपलेला दाखवण्यावर टीका होते, आणि ती रास्त आहे.

पडदा न तपासता निष्कर्ष काढणे

फोनवर नाइट मोड चालू असेल तर अल्बुकर्कीसुद्धा मेक्सिको दिसेल. टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ मोड असेल तर बेज शर्ट नारिंगीकडे झुकतो. टीव्ही सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर ठेवा, ऑटो ब्राइटनेस आणि डोळ्यांना आराम देणारे मोड बंद करा. इंटरनेटवरच्या स्क्रीनशॉटवरून छटा ठरवू नका. अनेकदा कुणीतरी त्यांचे रंग चढवलेले असतात. वाद छटेचाच असेल तर मूळ भाग लावा आणि त्याच दृश्यातल्या माणसाची त्वचा बघा. ती पिवळी पडलेली दिसत असेल, तर दोष शर्टाचा नाही.

एका मालिकेची किल्ली दुसऱ्या मालिकेला लावणे

‘बेटर कॉल सॉल’ ही मालिका त्याच जगातली असली तरी तिथे हिशेब वेगळा आहे. कृष्णधवल घ्या. ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनमध्ये ते येऊ घातलेल्या अपघाताचं होतं. ‘बेटर कॉल सॉल’मध्ये ते ओमाहा शहरात नाव बदलून लपून राहणाऱ्या माणसाच्या आयुष्याचं आहे, आणि शेवटच्या भागात सिगारेटची ज्योत तेवढी रंगीत होते. तिथे जिमी आणि किम या मुख्य पात्रांच्या रोजच्या रंगांची नोंद पहिल्या भागापासून नव्याने सुरू करा.