सीईटीचा अभ्यास पुस्तक मिटून करा

नोट्सवर हायलायटर फिरवत तेच पान चौथ्यांदा वाचलं की सगळं येतंय असं वाटू लागतं. खरं तर पान फक्त ओळखीचं झालेलं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. मुलांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. वाचून लगेच दिलेल्या टेस्टचे मार्क म्हणूनच फसवे.

धडा एकदा नीट वाचा, वही मिटा आणि कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहा: सूत्रं, अटी, आकृत्या. मग वही उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या वेळी अभ्यास फक्त लालचा. पहिल्या दोन-तीन वेळा कागद निम्मा रिकामा राहतो आणि बरीच मुलं तिथेच कंटाळून पुन्हा वाचायला लागतात. तसं करू नका.

उजळणीला अंतर हवं. परीक्षा महिन्यावर असेल तर तोच धडा साधारण आठवड्याने, आठवड्यावर आली असेल तर एक-दोन दिवसांनी. डोंबिवलीहून दादरला क्लासला येत असाल तर लोकलमध्ये नवीन काही वाचू नका. गर्दीत वही उघडायला जागा नसतेच, कालची सूत्रं मनात म्हणा आणि उतरल्यावर पडताळा.

गणितं सोडवताना धडे मिसळा. एकाच धड्याची ३० गणितं ओळीने केली की कुठलं सूत्र लावायचं हे आधीच ठाऊक असतं, आणि पेपरात नेमकं तेच ओळखायचं असतं. रोरर आणि टेलर या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगात सरावावेळी मिसळून करणारे मागे होते, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत त्यांना ६३ टक्के मिळाले, ओळीने करणाऱ्यांना २०. म्हणून रोज चार धड्यांतली पाच-पाच गणितं घ्या. सराव अवघड वाटेल, मार्क कमी दिसतील. घाबरायचं कारण नाही.

चुकांची वही मात्र टाळू नका. त्यात अख्खं उत्तर उतरवणं म्हणजे निव्वळ हस्ताक्षराचा सराव. चूक का झाली ते एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ, उतारावरून भरीव गोल, डिस्क आणि रिंग न घसरता एकदम सोडली तर आधी कोण पोहोचेल? उत्तर रिंग आलं असेल तर 'सिली मिस्टेक' असं लिहून काही कळत नाही. 'रिंगचं सगळं वस्तुमान कडेला, ऊर्जेचा मोठा वाटा फिरण्यात जातो, म्हणून ती शेवटी. गोल पहिला' असं लिहा. तोच प्रश्न तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, न बघता सोडवा. दोन्ही वेळा बरोबर आला तरच खोडा.

सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) पेपरात फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रत्येकी ५४ सेकंद; गणिताचे ५० वेगळ्या ९० मिनिटांत, प्रत्येकी १०८ सेकंद. मॉक टेस्ट घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून द्या. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पण मॉकमध्ये अंदाजाने टिक केलेल्या उत्तरापुढे कच्च्या कागदावर फुली मारा, आणि बरोबर आलं तरी ते चुकांच्या वहीत घाला.