साथीची तयारी मोजायची तर आधी तारखा मागा

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये १९५ देशांचा आरोग्य-सुरक्षा निर्देशांक आला. अमेरिका पहिली, १०० पैकी ८३.५ गुण. पुढच्या तीन वर्षांत तिथे कोविडने दहा लाखांवर माणसं दगावली. निर्देशांकाने प्रयोगशाळा, कायदे, आराखडे मोजले होते. ते वेळेवर हलतील का, हे कागदावरून कळत नाही.

म्हणून देशाचा अहवाल वाचताना सरासरी काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त बाह्य मूल्यमापनात, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या देशाच्या तपासणीत (तिसरी आवृत्ती, २०२२), १९ विषय आणि ५६ निर्देशक आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. लसीकरणातले ५ गुण प्रयोगशाळेतल्या २ गुणांची भरपाई करत नाहीत. ३ म्हणजे व्यवस्था उभी आहे, ४ म्हणजे ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. सगळी मेख या एका पायरीत. शिवाय देश दरवर्षी स्वतःचं मूल्यमापनही पाठवतो. बाहेरच्यांनी कमी आणि स्वतः भरपूर गुण दिलेत, अशा विषयापासून चौकशी सुरू करा.

तारखांची फूटपट्टी म्हणजे ७-१-७: उद्भवापासून (साथ सुरू झाल्यापासून) ७ दिवसांत साथ लक्षात येणं, १ दिवसात वर कळवणं, त्यानंतर ७ दिवसांत सुरुवातीची सगळी कामं पूर्ण. ती जिल्ह्यालाही लागते. नाशिकला तर लावायलाच हवी, कारण २०२७ च्या सिंहस्थातली मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसाळ्यात आहेत.

जिल्ह्यातले मागचे पाच उद्रेक घ्या आणि प्रत्येकाच्या चार तारखा लिहा. समजा, सुरगाण्यातल्या एका पाड्यावर कॉलरा झाला. पहिल्या रुग्णाला जुलाब ४ जुलैला, आशाताईंनी उपकेंद्रात सांगितलं ९ ला, जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळलं १२ ला, कामं संपली १७ ला. एकूण १३ दिवस, म्हणजे १५ च्या आत, आणि बेरीज पाहणारा खूश! पण फोड केली की ५-३-५ निघतं. मधला आकडा नापास. ९ ला शुक्रवार होता आणि आठवड्याचा फॉर्म सोमवारी भरायची जुनी सवय सुटलेली नव्हती. इथे जादा डॉक्टर देऊन काही होणार नाही. सुट्टीच्या दिवशी फोन कोणी करायचा, हे ठरवावं लागेल.

डेंगीसारख्या कायम असणाऱ्या आजारात ‘पहिला रुग्ण’ शोधत बसू नका. नेहमीच्या पातळीपेक्षा रुग्ण ज्या दिवशी वाढले, ती उद्भवाची तारीख.

शेवटचे ७ दिवस मोजताना सर्वांत उशिरा संपलेलं काम धरायचं. पथक पोचलं म्हणजे प्रतिसाद पूर्ण झाला, असं बरेच जण लिहून टाकतात. बहुधा अडतं ते नमुन्यावर: शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यायला हवा होता, तो नंतर घेतला, किंवा कॅरी-ब्लेअर माध्यमातला (प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू टिकवणाऱ्या माध्यमातला) नमुना साध्या तापमानात न्यायचा, तो सवयीने बर्फात ठेवला. मग अहवाल ‘जंतू नाहीत’ असा येतो आणि फाईल बंद होते.

पाण्याचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या साठा-नोंदवहीत ‘टीसीएल: आहे’ असतं; टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण तोंड उघडं राहिलेल्या गोणीतून तो उडून जातो. नोंदवही मिटा आणि पाड्याच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची चाचणी करा. क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरला तर साठा असूनही तयारी शून्य.

उद्रेकच नोंदलेले नसतील तर रंगीत तालीम घ्या: न कळवता, रविवारी दुपारी फोन करा आणि शीघ्र प्रतिसाद पथकाची गाडी किती वाजता निघाली ते घड्याळात बघा. वर्षभर शून्य उद्रेक दाखवणाऱ्या तालुक्याला पैकीच्या पैकी गुण देऊ नका. आधी तिथल्या दोन-तीन औषध दुकानांत जाऊन जुलै-ऑगस्टमध्ये ओआरएसची किती पाकिटं खपली ते विचारा.