तालुक्यात वकिली केलेल्या आई-वडिलांचं काम कसं शोधावं

तालुक्याच्या कोर्टात उभं आयुष्य वकिली केलेल्या माणसाचं काम छापील निवाड्यांत सहसा सापडत नाही. बॉम्बे लॉ रिपोर्टर किंवा नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये मुख्यतः वरच्या न्यायालयांचे निकाल येतात. त्यामुळे शोध तिथून नको, घरातल्या कपाटापासून सुरू करा.

आधी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, शोधा. तिच्यावरच्या वर्षावरून पुढे कुठे जायचं ते ठरतं. १९६१च्या अधिवक्ता कायद्यानंतरची नोंद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे असते. सनद १९५६च्या आधीची असेल तर मराठवाड्यासाठी हैदराबादचं आणि विदर्भासाठी नागपूरचं उच्च न्यायालय लक्षात घ्यावं लागतं. मराठवाड्यातले त्या काळातले कागद उर्दूतही निघतात. वाचून देणारं माणूस आधीच गाठून ठेवा.

मग वकिलाच्या डायऱ्या घ्या. तारीखवार लिहिलेली पक्षकारांची नावं आणि दाव्यांचे नंबर हाच खरा खजिना. ‘रे. दि. मु. नं.’ म्हणजे रेग्युलर दिवाणी मुकदमा. कोर्ट, नंबर आणि वर्ष ही तिन्ही एकत्र उतरवा. नुसत्या नावावरून कोर्टाच्या अभिलेख कक्षात (जुने कागद ठेवतात तिथे) जुनं प्रकरण काढणं फार अवघड.

तिथे नकलेसाठी अर्ज करा. तुम्ही पक्षकार नसल्यामुळे नक्कल कशासाठी हवी ते लिहावं लागेल. निकालपत्र आणि हुकूमनाम्याबरोबर रोजनामाही, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंदही, मागा. दावा किती वर्षं चालला, कोण हजर राहिलं, तहकुबी कोणी मागितली, हे त्यातच दिसतं. मुदत संपलेले कागद नियमाने नष्ट केले जातात, तेव्हा ‘कागद नाहीत’ या उत्तराने खचू नका.

कारण जमिनीचे वाद दुसरीकडेही नोंदलेले असतात. जुन्या मुंबई प्रांतातल्या जिल्ह्यांत मुंबई कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी असंख्य कुळं जमिनीची मानीव खरेदीदार ठरली, म्हणजे कायद्याने जमीन विकत घेतली असं मानलं गेलं. मराठवाड्यात आणि विदर्भात कुळकायदे वेगळे होते. दिवाणी दाव्यात ‘कूळ आहे की नाही’ हा मुद्दा निघाला की मुंबई कायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे तो मामलेदाराकडे जाई. म्हणून डायरीतलं गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर घेऊन त्या काळातले सातबारे आणि फेरफार काढा. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही आहेत. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यातलं कुळाचं नाव पुढे भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून लागलं का, कोणत्या आदेशाने लागलं, ते बघा. फेरफारात वकिलाचं नाव नसेल. पण डायरीतली तारीख आणि फेरफारातला आदेश शेजारी ठेवले की त्या वकिलीने एका घराला काय मिळालं किंवा मिळालं नाही, ते समोर येतं. हरलेले दावेही तितक्याच काळजीने उतरवा. माणूस कोणासाठी उभा राहिला, हे त्यांतूनच जास्त कळतं असं मला वाटतं.

एवढं हाती आल्यावरच जुन्या कारकुनांना आणि अशिलांच्या घरच्यांना भेटा. ‘ते कसे होते?’ या प्रश्नाला कौतुकच ऐकू येतं. दाव्याचा नंबर आणि गावाचं नाव काढलं की आठवणी निघतात.

एक पथ्य मात्र पाळाच. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाच्या मृत्यूनंतरही गुपितच राहतं. ते कुटुंबाच्या आठवणींतही छापू नका. आणि फायलींत कोणाचं मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र निघालं, तर वारस शोधा आणि पोच घेऊन ते परत करा.