राणी आणि नर एकत्र सोडण्याआधी

गेल्या खेपेला डब्यांवर तारीख लिहायची राहिली आणि हंगामभराच्या राण्या हातच्या गेल्या, म्हणून हे लिहून ठेवतेय. टोमॅटोच्या काचघरांसाठी युरोपात पाळतात, त्या बॉम्बस टेरेस्ट्रिस जातीच्या बंबलबीपुरतंच (गुबगुबीत, केसाळ माशी) हे आहे.

पिंजरा, साखरेचा पाक, पराग हे सगळ्यांकडे असतंच. राणी कोषातून बाहेर पडली की त्याच दिवशी वेगळी काढा आणि डब्यावर तारीख लिहा. संध्याकाळी लिहू, असं म्हणू नका! नुकती निघालेली राणी रुपेरी-राखाडी दिसते, केस अंगाला चिकटलेले असतात. एखाद्या दिवसात पिवळे पट्टे उजळतात आणि मग तीन दिवसांची कोणती, बारा दिवसांची कोणती, काही कळत नाही. मी भिंग घेऊन तासभर बसले होते, नाही सांगता आलं. राणी साधारण सहाव्या दिवसाच्या आसपास नराला जवळ येऊ देते; त्याआधीची कोवळी राणी पाय झाडते आणि पळते. नरांच्या डब्यावरही तारीख हवी. त्यांचे शुक्राणू साठवणीच्या जागी उतरायला काही दिवस जातात, म्हणून नर दहाएक दिवसांचे होऊ द्या. तारखेशेजारी वसाहतीचा क्रमांकही लिहा. सख्ख्या भावाशी जोडी लागली तर पुढे कामकरी माश्यांच्या जागी निरुपयोगी नर निपजण्याचा धोका असतो.

आता उजेड. वसाहत अंधाऱ्या, 28 अंशांच्या खोलीत असते आणि तिथे आपण लाल दिव्यात वावरतो, कारण लाल रंग त्यांना दिसत नाही. त्याच खोलीत जोड्या लागायची वाट पाहू नका, नराला राणी दिसायला हवी. पिंजरा दिवसा खिडकीपाशी ठेवा, पण थेट उन्हात मुळीच नको.

जोडी लागली की छोट्या डबीत अलगद घ्या, ओढून सोडवू नका. शुक्राणू पहिल्या काही मिनिटांत जातात, पण नर अर्धा तास किंवा जास्तच चिकटून असतो आणि आत बूच बसवतो. राणी बहुधा एकदाच जुळते.

पुढचं थोडक्यात. काही दिवस भरपूर खाऊ घाला, मग वजन करा. 0.6 ग्रॅमच्या खालची राणी शीतनिद्रेतून सहसा उठत नाही. बाकीच्या 4-5 अंशांच्या फ्रिजात. डबीवर तारीख, तिथेही.