मेट्रो ‘लवकरच’ सुरू होणार म्हणजे नक्की कधी, हे कसं ओळखायचं

नवा मार्ग कधी सुरू होणार याचं उत्तर भाषणांत शोधू नका. भाषणातला गुढीपाडवा दिवाळीवर जातो आणि दिवाळी १ मेवर. खरी तारीख ठरते ती चाचण्यांवर आणि त्यांच्या कागदांवर, आणि हे कागद बहुतेक ठरावीक क्रमानेच येतात. तो क्रम माहीत असला की बातमीतल्या दोन ओळींवरून कळतं: अजून वर्ष आहे, दोन-तीन महिने आहेत, की पुढच्याच आठवड्यात कार्ड घेऊन ठेवायचं. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार किंवा मुलांचं कॉलेज नव्या स्टेशनच्या भरवशावर ठरवणार असाल, तर हा क्रम उपयोगी पडेल. उदाहरणं मुंबई, पुणे आणि नवी मुंबईची घेतली आहेत.

आधी विचारा: कोणता टप्पा?

आपल्याकडे अख्खा मार्ग एका दिवशी सुरू होणं दुर्मीळ. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी असे एकमेकांना न जोडलेले दोन टप्पे सुरू झाले. ते जिल्हा न्यायालयापाशी एकत्र आले १ ऑगस्ट २०२३ ला. रामवाडी ६ मार्च २०२४ ला आलं, स्वारगेट २९ सप्टेंबर २०२४ ला. मुंबईची ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ सुद्धा तीन हप्त्यांत मिळाली: ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. म्हणून बातमीत सगळ्यात आधी दोन स्टेशनांची नावं शोधा. ती नसतील तर त्या बातमीला फारसा अर्थ नाही.

कोणता टप्पा आधी सुरू होईल, हे नकाशावरूनही बरंच कळतं. डेपो शोधा. गाड्या रात्री उभ्या राहतात, धुतल्या जातात, तपासल्या जातात त्या तिथे, त्यामुळे डेपोला रुळांनी न जोडलेला भाग सुरू होऊ शकत नाही. मेट्रो ३ ची सुरुवात आरेकडून झाली, कारण डेपो तिथे आहे. टप्प्याचं दुसरं टोक अशा स्टेशनवर असावं लागतं, जिथे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायला क्रॉसओव्हर आहे. तुमचं स्टेशन डेपोच्या विरुद्ध टोकाला असेल आणि मधल्या एखाद्या खांबाची जागा अजून वादात असेल, तर तुमचा नंबर शेवटचा.

पहिली खूण: तारांमध्ये वीज

वर्तमानपत्रात एक रुक्ष जाहीर सूचना येते: अमुक तारखेपासून अमुक ते अमुक या भागातल्या तारांमध्ये २५,००० व्होल्टचा प्रवाह सोडला जाईल, त्या कायम जिवंत समजाव्यात, जवळ जाऊ नये. त्याआधी विद्युत निरीक्षकांची परवानगी झालेली असते. या सूचनेची कुणी बातमी करत नाही, पण रूळ, तारा आणि उपकेंद्र जागेवर आल्याचा हा पक्का पुरावा आहे. पुण्याच्या हिंजवडी–शिवाजीनगर मार्गावर डोक्यावरच्या तारा शोधत बसू नका. तिथे ७५० व्होल्टची वीज रुळालगतच्या तिसऱ्या रुळातून मिळते.

दुसरी खूण: चाचणी धाव, आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा

फुलांच्या माळा घातलेली गाडी, हिरवा झेंडा, पहिल्या पानावर फोटो. लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पहिल्या धावेत गाडी बहुधा सायकलच्या वेगाने जाते, आणि बघायचं असतं एवढंच की डबा फलाटाच्या कडेला, खांबाला किंवा सिग्नलच्या पेटीला घासत नाही ना, पेंटोग्राफ (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) तारेला नीट टेकतो ना. सिग्नल यंत्रणा बहुतेक वेळा अजून जोडलेलीही नसते. घाटकोपर–वर्सोवा मार्गावर पहिली चाचणी धाव १ मे २०१३ ला झाली आणि प्रवासी बसले ८ जून २०१४ ला, म्हणजे तब्बल तेरा महिन्यांनी. चाचणी धावेच्या फोटोवरून घर भाड्याने घेऊ नये.

त्यापेक्षा रात्री मार्गाखालून जाताना वर बघा. आठवड्यातून एखादी गाडी दिसत असेल तर काम सुरुवातीला आहे. दोन-तीन गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने, प्रत्येक स्टेशनवर दारं उघडत-मिटत जात असतील, तर सिग्नलची चाचणी चालू आहे. आताची यंत्रणा रेडिओवर चालते. गाडी आपली जागा सतत कळवत राहते आणि मागच्या गाडीला किती पुढे जाऊ द्यायचं ते संगणक ठरवतो. वेळ सगळ्यात जास्त खातं ते हेच काम. फलाटावर काचेचे दरवाजे असतील तर गाडीचं दार त्यांच्यासमोर बरोबर यायला हवं. गाडी थोडी पुढे-मागे थांबली की दोन्ही दारं उघडत नाहीत, मग ब्रेकची गणितं पुन्हा जुळवावी लागतात. सिग्नलच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र स्वतंत्र तपासनिसाकडून घ्यावं लागतं. बातमीत ‘आयएसए’ अशी अक्षरं दिसली तर ती त्याचीच.

तिसरी खूण: लखनौचे लोक आणि वाळूच्या गोण्या

गाडी नव्या बनावटीची असेल तर रेल्वेची लखनौची आरडीएसओ ही संस्था तिची परीक्षा घेते. डब्यांत प्रवाशांच्या वजनाइतक्या गोण्या भरतात, यंत्रं बसवतात आणि वेग पायरीपायरीने वाढवत डबा किती हलतो, डुलतो ते मोजतात. मग तातडीचा ब्रेक मारून गाडी किती अंतरात थांबते ते पाहतात, कोरड्या रुळावरही आणि मुद्दाम ओल्या केलेल्या रुळावरही. यातून वेगाचं प्रमाणपत्र निघतं आणि पुढे रेल्वे मंडळाची मंजुरी. जुन्या मार्गाचाच पुढचा टप्पा असेल आणि गाड्या त्याच असतील, तर हा भाग बराच आटोपशीर होतो. म्हणूनच विस्तारित टप्पे तुलनेने पटकन सुरू होतात आणि कोरा मार्ग रखडतो.

चौथी खूण: सीएमआरएस

मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त, म्हणजे बातम्यांमधलं ‘सीएमआरएस’. हे कार्यालय रेल्वे किंवा नगरविकास मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, म्हणजे ज्यांनी बांधलं त्यांच्याकडूनच तपासणी होत नाही. २००२ च्या मेट्रो कायद्याप्रमाणे ही मंजुरी मिळाल्याशिवाय एकही प्रवासी बसवता येत नाही. मंत्र्यांनी कितीही झेंडे दाखवले तरी.

या टप्प्याच्या बातम्या नीट वाचा, कारण त्यातले चार शब्द चार वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘कागदपत्रं सादर केली’ म्हणजे रांगेत नंबर लावला. ‘पाहणी झाली’ म्हणजे आयुक्त रुळांवरून ट्रॉलीने गेले, गाडी पूर्ण वेगाने पळवून पाहिली, स्टेशनांतले जिने, धूर बाहेर काढणारे पंखे, आगीची यंत्रणा, नियंत्रण कक्ष बघितले. ‘त्रुटींची पूर्तता सुरू’ म्हणजे त्यांनी यादी दिली आहे आणि कंत्राटदार धावपळ करतोय. ‘प्रमाणपत्र मिळालं’ यावरच खरा भरवसा ठेवा. पाहणीनंतर प्रमाणपत्राला आठवडा लागेल की दोन महिने, ते त्रुटींच्या यादीवर ठरतं. दिशादर्शक पाटी नाही ही त्रुटी दोन दिवसांत मिटते. आणीबाणीचा दुसरा जिनाच तयार नसेल तर महिने जातात.

प्रमाणपत्रातही अटी असू शकतात आणि त्या आपल्या रोजच्या वेळेवर येतात. मुंबईच्या मेट्रो २ए आणि मेट्रो ७ या दोन मार्गिका जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाल्या, पण गाड्या ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या मर्यादेत धावत राहिल्या. ८० पर्यंतची मोकळीक २०२५ मध्ये मिळाली. म्हणून जाहिरातीत छापलेला प्रवासाचा वेळ पहिल्या वर्षी तरी खरा धरू नये.

मंजुरीनंतरचा थांबा

आता उरतो तो समारंभ. इथे अभियांत्रिकी संपते आणि पाहुण्यांची डायरी सुरू होते. नवी मुंबईत बेलापूर–पेंधर या ११ स्टेशनांच्या मार्गाला प्रमाणपत्र मिळून काही महिने झाले तरी गाड्या धावेनात. शेवटी १७ नोव्हेंबर २०२३ ला औपचारिक उद्घाटन न करताच सेवा सुरू केली गेली. पुण्यात स्वारगेटचा कार्यक्रम २६ सप्टेंबर २०२४ ला ठरला होता, पावसामुळे तो रद्द झाला आणि तीन दिवसांनी दूरस्थ पद्धतीने उरकला.

निवडणुकांचं कॅलेंडरही शेजारी ठेवा. आचारसंहिता लागली की समारंभ होत नाहीत, त्यामुळे तयार झालेले मार्ग तिच्या आधी उरकायची घाई होते. रामवाडी ६ मार्च २०२४ ला सुरू झालं आणि लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. स्वारगेट आणि आरे–बीकेसी हे दोन्ही टप्पे विधानसभेच्या १५ ऑक्टोबर २०२४ च्या घोषणेआधीच्या तीन आठवड्यांत येऊ घातले होते आणि आलेही.

उद्घाटन झालं त्याच क्षणी आपल्याला तिकीट मिळेल, असंही नाही. मेट्रो ३ चं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला झालं, प्रवासी ७ तारखेला बसले. पुढच्या दोन्ही टप्प्यांत एकेक दिवसाचं अंतर होतं. ऑफिसातून सुट्टी काढून जाणार असाल तर ‘प्रवाशांसाठी खुलं’ ही तारीख आणि तास बघून घ्या.

गाडी किती मिनिटांनी येईल?

हे गणित तुम्ही स्वतः करू शकता. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला, टोकांवरच्या थांब्यासह, किती मिनिटं लागतात ते घ्या आणि धावणाऱ्या गाड्यांच्या संख्येने भागा. फेरी ९० मिनिटांची आणि गाड्या ९ असतील तर दर १० मिनिटांनी गाडी. पाच मिनिटांनी हवी असेल तर १८ लागतील, शिवाय देखभालीसाठी आणि राखीव अशा दोन तरी वेगळ्या. म्हणून ‘डेपोत सहा गाड्या दाखल’ ही बातमी आली की त्यातल्या चारच धावतील असं धरा, म्हणजे याच फेरीत दर साडेबावीस मिनिटांनी एक. एवढं अंतर असेल तर चार-पाच किलोमीटरच्या प्रवासाला बस किंवा शेअर रिक्षा जिंकते, मेट्रो नाही.

स्टेशन नव्हे, दार बघा

नकाशावर स्टेशन घरापासून ३०० मीटरवर असेल, पण पहिल्या दिवशी उघडं असलेलं दार रस्त्याच्या पलीकडे असेल तर चालणं दुप्पट होतं. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी चारपैकी दोनच प्रवेशद्वारं चालू असतात. पुण्यात येरवड्याचं स्टेशन मार्ग रामवाडीपर्यंत सुरू होऊनही बंदच राहिलं, गाड्या न थांबता पुढे जात. जिन्याची जागा बदलावी लागल्याने ते ऑगस्ट २०२४ मध्ये उघडलं. तेव्हा उद्घाटनाच्या आठवडाभर आधी प्रत्यक्ष जाऊन बघा: पत्र्याचं कुंपण कुठल्या दाराभोवती निघालं आहे, लिफ्ट चालू आहे का, फुटपाथ जिन्यापर्यंत पोचतो का. घरात ज्येष्ठ कुणी असतील तर लिफ्टचं दार कोणत्या बाजूला आहे हे सगळ्यात आधी पाहा, कारण ती बहुधा एकाच बाजूला असते. भुयारी स्टेशनात रस्त्यापासून फलाटापर्यंत पाच ते सात मिनिटं वेगळी धरा.

भुयारी स्टेशनाचं अपूर्ण दार पावसाळ्यात धोक्याचंही ठरतं. आचार्य अत्रे चौक १० मे २०२५ ला प्रवाशांसाठी खुलं झालं आणि २६ मे रोजी, मुंबईत पाऊस लवकर कोसळला तेव्हा, काम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी आत घुसलं. गाड्या अलीकडच्या वरळी स्टेशनपर्यंतच चालवाव्या लागल्या. नव्या भुयारी मार्गाचा पहिला पावसाळा संपेपर्यंत परतीचा दुसरा रस्ता मनात ठेवावा.

तिकीट

पहिल्या आठवड्यात खिडकीवरची रांग गाडीपेक्षा लांब असते. एनसीएमसी कार्ड घेऊन ठेवा. हे ‘एक देश’वालं कार्ड एका शहरात घेतलं तरी दुसऱ्या शहरातल्या मेट्रोच्या फाटकांवर चालावं अशी त्याची रचना आहे. पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात, त्यामुळे फाटकाशी मोबाइल नेटवर्क लागत नाही, आणि भुयारात ते मोलाचं आहे; मेट्रो ३ वर सुरुवातीला खाली रेंज नसल्याच्या तक्रारी होत्या. क्यूआर तिकीट काढायचं असेल तर रस्त्यावर असतानाच काढा.

कार्डाची एक खोच नवख्यांना अडवते. मोबाइलवरून पैसे भरले तरी ते लगेच चिपमध्ये उतरत नाहीत. स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड एकदा लावून शिल्लक ‘अपडेट’ करावी लागते. ते केलं नाही तर बँकेतून पैसे गेलेत, फाटक मात्र उघडत नाही आणि मागे रांग, असा प्रकार होतो. चिपमध्ये जास्तीत जास्त २,००० रुपये ठेवता येतात आणि कार्ड हरवलं तर ही रक्कम परत मिळत नाही, म्हणून एका वेळी आठवड्यापुरतेच भरा. आरे ते कफ परेड या पूर्ण अंतराचं भाडं ७० रुपये आहे. रोज जाऊन-येऊन पाच दिवसांचे ७०० होतात, त्यावर शंभर जास्त ठेवले की पुरे.