दूरशिक्षणात प्रवेश घेतल्यानंतर या चुका टाळा

खान्देशात दूरशिक्षणाने पदवी घेऊ पाहणारा माणूस क्वचितच नुसता विद्यार्थी असतो. कुणी भुसावळला कंत्राटी कामगार असतो, कुणी चोपडा तालुक्यातल्या खेड्यात आशा सेविका असते, कुणी पोलीस भरतीची तयारी करत असतो, तर कुणी लग्नामुळे बारावीनंतर थांबलेले शिक्षण दहा वर्षांनी पुन्हा हाती घेतलेले असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) 1985 साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले ते अशाच मंडळींसाठी. या विद्यार्थ्यांना शिकवताना माझे एक मत पक्के झाले आहे. जे मध्येच गळतात, त्यांतले फार थोडे विषय झेपत नाही म्हणून गळतात. बहुतेकांचा अभ्यास प्रवेश आणि परीक्षा यांच्या मधल्या महिन्यांत थांबतो आणि तो थांबल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या बहुतेक चुका त्या मधल्या काळातल्या आहेत.

अर्जावर दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक

ही चूक किरकोळ वाटते, पण तिने अनेकांचे वर्ष वाया जाते. तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरला जातो. विद्यार्थ्याकडे ईमेल नसतो, म्हणून दुकानदार आपलाच ईमेल आणि घाईत आपलाच मोबाइल क्रमांक टाकतो, पासवर्डही तोच ठरवतो. त्यानंतर संपर्कसत्राची (अभ्यासकेंद्राच्या मार्गदर्शन वर्गाची) सूचना, गृहपाठाची मुदत, परीक्षा अर्जाचा निरोप, सारे काही त्या दुकानदाराच्या फोनवर जाते आणि विद्यार्थी मात्र ‘विद्यापीठाकडून काहीच कळले नाही’ असे समजून बसतो. उपाय सोपा आहे. प्रवेश झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःचा ईमेल उघडावा, विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः प्रवेश करून पाहावा, आणि क्रमांक चुकीचा असेल तर अभ्यासकेंद्रात किंवा विभागीय केंद्रात लेखी अर्ज देऊन तो बदलून घ्यावा. कायम नोंदणी क्रमांक, पासवर्ड आणि शैक्षणिक क्रेडिट बँकेचा (उत्तीर्ण विषयांची क्रेडिट जिथे जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा) क्रमांक एका वहीत लिहून ती वही घरात ठेवावी.

वेळेचा हिशेब शेतीच्या पंचांगाशी न जुळवणे

मुक्त विद्यापीठांच्या हिशेबात एक श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे एकक) म्हणजे सुमारे 30 तासांचा अभ्यास, त्यात वाचन, गृहपाठ आणि संपर्कसत्रे सगळे धरलेले असते. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला 120 तास लागतात. एका सत्रात असे चार विषय असतील तर 480 तास होतात आणि ते वीस आठवड्यांत बसवायचे म्हटले तर आठवड्याला 24 तास काढावे लागतात. नोकरी आणि शेत सांभाळणाऱ्या माणसाने हा आकडा प्रवेशाच्या दिवशीच कागदावर मांडला पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे होते. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू होते, मजूर मिळत नाहीत म्हणून घरातले सगळेच शेतात उतरतात आणि डिसेंबरची परीक्षा समोर येऊन उभी राहते. उन्हाळ्यात लग्नसराई असते, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जूनच्या परीक्षेची तयारी तशीच राहून जाते. हे दरवर्षी घडते, त्यामुळे त्याला अडचण मानण्याऐवजी वेळापत्रकाचा भाग मानावे. वेचणीच्या महिन्यांत आठवड्याला चारच तास मिळणार असतील तर कमी पडणारे तास आधीच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरून काढावेत.

तरीही तास जुळत नसतील तर सगळ्या विषयांची परीक्षा एकदम देण्याचा हट्ट सोडावा. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. ही सवलत अशाच अडचणींसाठी आहे आणि ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही. दोन विषय नीट देणारा पुढच्या वेळी परत येतो. चारही विषयांत नापास झालेला बहुधा पुन्हा दिसत नाही.

पुस्तक वाचून मिटवणे

दूरशिक्षणाचे पुस्तक नेहमीच्या क्रमिक पुस्तकासारखे रचलेले नसते. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे असतात, मध्ये मध्ये स्वयं-अध्ययन प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे. शिक्षक समोर नाही, म्हणून त्याचे प्रश्न विचारण्याचे काम या चौकटींवर सोपवलेले असते. विद्यार्थ्यांची पुस्तके उघडून पाहावीत तर बहुतेकांत याच चौकटी कोऱ्या सापडतात, किंवा शेवटच्या पानावरची उत्तरे जशीच्या तशी उतरवलेली दिसतात. ओळी मात्र पिवळ्या शाईने पानभर रंगवलेल्या असतात.

मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या सर्वांत कमी उपयोगाच्या पद्धतींत निघाल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे या दोन मात्र सर्वांत उपयोगी ठरल्या. म्हणून चौकटीशी पोहोचल्यावर पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे वहीत लिहावे, मग पुस्तक उघडून सुटलेला भाग वेगळ्या शाईने भरावा. आठ दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा सोडवावा. त्या वेगळ्या शाईतला मजकूर दुसऱ्या खेपेला कमी झाला, तर घटक पक्का होत चालला आहे असे समजावे.

इथे भाषेचाही प्रश्न येतो. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली प्रमाण मराठी वाचता येते, पण उत्तर लिहिताना हात अडखळतो आणि मग तो बाजारातल्या गाइडमधील वाक्ये पाठ करू लागतो. त्याऐवजी मुद्दा आधी आपल्या घरच्या बोलीत कुणाला तरी समजावून सांगावा आणि मग लिहायला बसावे. बोलीत मुद्दा सरळ सांगता आला तर मराठीत फक्त मांडणीचेच काम उरते, आणि ते सरावाने जमते.

गृहपाठ शेवटच्या रात्री

इग्नूच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत गृहपाठाला 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के भार असतो, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे परीक्षा उत्तम देऊनही गृहपाठ न दिल्याने विषय अडतो. दुकानातून तयार गृहपाठ विकत घेणारे गुण मिळवतीलही, पण तपासलेल्या उत्तरावरचा समंत्रकांचा (अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांचा) शेरा ही या पद्धतीत विद्यार्थ्याला मिळणारी जवळपास एकमेव व्यक्तिगत शिकवणी असते, आणि ती ते गमावतात. गृहपाठ जमा केल्याची पोच जपून ठेवावी.

रेंजची वाट पाहणे

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ऑनलाइन व्याख्यान अडखळणारच. तालुक्याला गेल्यावर पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून आणाव्यात. इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या तिच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. घरी डीटीएच असेल तर स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्या पाहाव्यात. त्यांचे नवे कार्यक्रम दिवसातून अनेकदा पुन्हा दाखवले जातात, त्यामुळे सकाळचा शेतात असताना चुकला तर रात्री पाहता येतो.

मागे पडल्यावर गप्प राहणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी 1970 च्या दशकापासून असे मांडले की या शिक्षणातले महत्त्वाचे अंतर किलोमीटरने मोजायचे नसते. ते शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या संवादाने कमी-जास्त होते. जळगाव शहरात अभ्यासकेंद्राशेजारी राहूनही वर्षभर तिथे न फिरकणारा विद्यार्थी, तोरणमाळहून दर पंधरवड्याला समंत्रकांना फोन करणाऱ्यापेक्षा अधिक दूर असतो. दोन संपर्कसत्रे बुडाली की ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ’ असे वाटू लागते, तिसरे सत्र लाजेपोटी बुडते आणि पुढे पुस्तकही उघडवत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये असणे म्हणजे संपर्कात असणे, असे धरू नये. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये सूचना मिळतात, शंका मात्र कुणी विचारत नाही. एकाच गावातल्या किंवा एकाच बसने येणाऱ्या तीन-चार जणांनी आठवड्यातून एक तास ठरवून एकत्र बसावे आणि जो आला नाही त्याला त्याच संध्याकाळी फोन करावा.

ही जबाबदारी विद्यार्थ्याची एकट्याची नाही. पहिल्या दोन संपर्कसत्रांना न आलेल्यांची यादी काढून अभ्यासकेंद्राने स्वतः फोन केले पाहिजेत. तो फोन तिसऱ्या आठवड्यात गेला तर अडचण बहुधा पुस्तक न मिळाल्याची किंवा पासवर्ड हरवल्याची निघते आणि दहा मिनिटांत सुटते. परीक्षेच्या तोंडावर गेला तर करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

परीक्षेचे सत्र हातचे गेलेच असेल तर पुढील क्रमाने चालावे. आधी पोर्टलवर नोंदणीची कमाल मुदत किती शिल्लक आहे ते पाहावे. मग कोणत्या विषयाचा गृहपाठ मान्य झाला आहे आणि कोणत्या विषयाची फक्त परीक्षा राहिली आहे, हे वेगवेगळे लिहून काढावे, कारण मिळालेले गुण सहसा पुढे धरले जातात आणि नवा प्रवेश घेण्याची गरज नसते. त्यानंतर सर्वांत कमी काम उरलेला एकच विषय निवडून त्याचा परीक्षा अर्ज मुदतीत भरावा आणि ती यादी घेऊन समंत्रकांना भेटावे.